उंचीला लगाम घातला म्हणून गर्दी थांबते का?

पॅरिसच्या नगर परिषदेने २०२३ मध्ये शहरातल्या नव्या इमारतींची कमाल उंची पुन्हा ३७ मीटरवर, म्हणजे साधारण बारा मजल्यांवर आणली. ही मर्यादा तिथे १९७७ पासून होतीच. मधल्या काळात शहराच्या कडेच्या काही जागांवर १८० मीटरपर्यंत जायची मुभा मिळाली, एक त्रिकोणी टॉवर तेवढ्यात मंजूरही झाला, आणि मग मुभा काढून घेतली गेली. कॅनडातल्या व्हॅन्कूव्हरने मात्र २०२४ मध्ये नेमकं उलटं केलं. मध्यवस्तीतून पलीकडचे डोंगर दिसावेत म्हणून १९८९ पासून काही ठरावीक दृष्टिरेषांच्या आड बांधकाम होऊ दिलं जात नव्हतं. त्यातल्या काही रेषा तिथल्या नगर परिषदेने सैल केल्या. कारण एकच, घरं कमी पडतायत.

दोन्ही शहरं शहाणी, दोन्हीकडे नावाजलेले नगररचनाकार, आणि निर्णय मात्र दोन टोकांचे. वाचणाऱ्याचा गोंधळ होणारच. अशी बातमी आली की एक जण म्हणतो, टॉवरनी शहराचा श्वास कोंडला. दुसरा म्हणतो, वर जाऊ दिलं नाही तर माणसांनी राहायचं कुठे? बहुतेक वेळा हे दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल भांडत असतात. उजेड, दृश्य, गर्दी आणि किमती या चारही गोष्टी 'उंची'च्या एकाच गाठोड्यात बांधल्या जातात. उंचीची मर्यादा पहिल्या दोन गोष्टींवर थेट काम करते. गर्दीवर तिची मात्रा जवळजवळ चालत नाही. किमतींवर चालते, पण आडवळणाने, आणि भुर्दंड भलत्यालाच बसतो.

## हा प्रश्न लिफ्टने आणला

उंचीवर बंधनं फार जुनी आहेत. सम्राट ऑगस्टसने रोममधल्या भाड्याच्या इमारतींना ७० रोमन फुटांची, म्हणजे जेमतेम २१ मीटरची मर्यादा घातली होती. इमारती कोसळत, आगी लागत, हे त्यामागचं साधं कारण. पण पुढची अठराशे वर्षं या प्रश्नाची धार बोथटच राहिली, कारण माणसाचे गुडघेच मर्यादा घालत होते. पाच-सहा मजल्यांच्या वर रोज कोण चढणार?

एलिशा ओटिस याने १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात लोकांसमोर लिफ्टचा दोर कापायला लावला. लिफ्ट खाली कोसळली नाही. तीन वर्षांनी त्याच शहरातल्या एका दुकानात प्रवासी लिफ्ट बसली. दुसरी अडचण भिंतींची होती. वीट-चुन्याची इमारत जितकी उंच, तितकी तळाची भिंत जाड करावी लागते. शिकागोच्या मोनॅडनॉक इमारतीचा १८९१ मध्ये पुरा झालेला भाग सोळा मजल्यांचा आहे आणि तळाशी तिच्या भिंती सहा फुटांच्या आसपास जाड आहेत. म्हणजे सर्वांत महागड्या भाड्याच्या तळमजल्यावरची कितीतरी जागा विटांनीच खाल्ली. वजन पोलादी सांगाड्यावर टाकायची युक्ती तोवर रुळू लागली होती. तीमुळे ही अडचणही गेली.

मग कायदे पटापट आले. बॉस्टनने १८९१ मध्ये १२५ फूट, शिकागोने १८९३ मध्ये १३० फूट, लंडनने १८९४ मध्ये ८० फूट. कारणं सांगितली गेली आग, उजेड आणि आरोग्य. शिकागोत आणखी एक धास्ती होती. ऑफिसांसाठी अशीच जागा वाढत राहिली तर आहे त्या इमारतींची भाडी पडतील, असं जुन्या मालकांना वाटत होतं. उंचीच्या मर्यादेमागे नेहमी सौंदर्यदृष्टीच असते असं समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

वॉशिंग्टनची गोष्ट तर सगळीकडे चुकीची सांगितली जाते. संसदेच्या घुमटापेक्षा उंच काही नको म्हणून तिथे मर्यादा आली, असं ऐकायला मिळतं. प्रत्यक्षात १८९४ मध्ये 'कैरो' नावाची १६४ फुटी निवासी इमारत उभी राहिली आणि शेजारी हादरले, कारण अग्निशमन दलाच्या शिड्या तिथवर पोहोचत नव्हत्या. आज लागू असलेला १९१० चा कायदा घुमटाशी नाही, रस्त्याशी बांधलेला आहे. समोरच्या रस्त्याची रुंदी अधिक २० फूट, इतकी इमारत उंच. व्यापारी रस्त्यांवर बहुतेक ठिकाणी कमाल १३० फूट. रस्ता रुंद तर इमारत उंच, हे गणित वॉशिंग्टनच्याही आधी पॅरिसने वापरलं होतं आणि मला ते आजही सर्वांत समंजस वाटतं. उजेड शेवटी रस्त्याच्या मोकळ्या जागेतूनच येतो.

## उंची वेगळी, एफएसआय वेगळा

इथे एक तांत्रिक शब्द समजून घ्यावा लागेल. प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करायची परवानगी आहे, तो आकडा म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक, बोलीभाषेत एफएसआय. उंचीची मर्यादा आणि एफएसआय यांची गल्लत हे या विषयातल्या निम्म्या भांडणांचं मूळ आहे.

पलंगावर चादर पसरली की ती पातळ राहते आणि सगळा पलंग व्यापते. घड्या घातल्या की कोपऱ्यात जाड गठ्ठा होतो आणि बाकी पलंग मोकळा राहतो. चादर तेवढीच. एफएसआय म्हणजे चादरीचं माप आणि उंची म्हणजे घडीची जाडी.

आता आकडे घालून बघू. प्लॉट १,००० चौरस मीटरचा, एफएसआय ५. म्हणजे एकूण बांधकाम ५,००० चौरस मीटर. सगळा प्लॉट व्यापला तर पाच मजल्यांत काम होतं. अर्ध्यावर बांधलं तर दहा मजले लागतात. पाव प्लॉटवर बांधलं तर वीस मजले, आणि ७५० चौरस मीटर जागा मोकळी. तिन्ही इमारतींत माणसं तेवढीच, नळ तेवढेच, गाड्या तेवढ्याच, सांडपाणीही तेवढंच. बदललं काय? आभाळ किती दिसतं आणि जमीन किती मोकळी राहते, एवढंच.

म्हणून एफएसआय आहे तसा ठेवून नुसती उंची कापली की इमारत आडवी सुटते. सामासिक अंतर, म्हणजे इमारत आणि प्लॉटची हद्द यांच्यात सोडायची जागा, शक्य तितकं आखडलं जातं. वॉशिंग्टनच्या मध्यभागात हे डोळ्यांनी दिसतं. १३० फुटांत बारा मजले कोंबायचे तर एका मजल्याला पावणेअकरा फूट येतात. त्यातून स्लॅबची जाडी आणि एसीच्या नळ्यांची जागा वजा करा, छत डोक्याशी येतं. सगळ्या इमारतींची डोकी एका रेषेत सपाट, बाजू सरळसोट, प्लॉटच्या कडेपर्यंत आलेल्या. परवानगीचा खोका तोंडोतोंड भरला की इमारत अशीच होते. वास्तुरचनाकाराला दोष देऊन उपयोग नाही, एक फूट जरी आत घेतला तरी मालकाचं भाडं जातं.

उलट बाजूही बघा. पॅरिसमध्ये बहुतेक घरं सहा-सात मजली, तरी दर चौरस किलोमीटरला सुमारे वीस हजार माणसं राहतात. युरोपातल्या सर्वांत दाट वस्तीच्या राजधान्यांत त्याची गणना होते. बुटकं शहर म्हणजे विरळ शहर, हे समीकरण खोटं आहे. तेव्हा तक्रार पाण्याची, सांडपाण्याची किंवा रस्त्यावरच्या कोंडीची असेल, तर उंचीशी झटापट करण्यात अर्थ नाही. तिथे एफएसआयबद्दल बोलावं लागेल, नाहीतर पाइप आणि रस्ते वाढवण्याबद्दल.

## सावली मोजता येते

उजेडाचा मुद्दा मात्र खराखुरा आहे, आणि सुदैवाने तो मतांवर अवलंबून नाही. सूर्य किती वर आहे हे कळलं की सावलीची लांबी निघते. २२ डिसेंबरच्या आसपासची भर दुपार घेऊ. उत्तर गोलार्धात तेव्हा सूर्य सर्वांत खाली असतो. १०० मीटरच्या टॉवरची सावली २० अंश अक्षांशावर साधारण ९५ मीटर पडते. तोच टॉवर ४५ अंशांवर नेला तर अडीचशे मीटर. ६० अंशांवर नेला तर पावणेनऊशे मीटरच्या आसपास. एका शहराचा नियम उचलून दुसऱ्या शहराला लावायचा नसतो तो यासाठी. उत्तरेकडच्या थंड शहरात टॉवरची सावली हा हिवाळ्यातल्या चार किरणांवर पडलेला दरोडा असतो, तर उष्ण प्रदेशात पायी चालणारा तीच सावली शोधत असतो.

सावलीची रुंदीही बघावी लागते. बारीक, उंच टॉवरची सावली लांब असते पण झपाट्याने सरकते. एका बाकावरून ती लवकर पुढे जाते. रुंद, बुटक्या ठोकळ्याची सावली आखूड असते पण तिथेच ठाण मांडून बसते.

हे सगळं ध्यानात घेऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी १९८४ मध्ये एक नेमका नियम मंजूर केला. ४० फुटांपेक्षा उंच नवी इमारत सार्वजनिक उद्यानांवर लक्षणीय सावली टाकत असेल तर तिला आडकाठी. सावली मोजायची वेळही ठरलेली, सूर्योदयानंतर एक तासापासून सूर्यास्ताआधी एक तासापर्यंत. यात 'उंच नको' असं सरसकट म्हटलेलं नाही. काय वाचवायचं ते सांगितलंय, मग उंची त्यातून आपोआप निघते. नियम असा असावा.

वाऱ्याचं थोडक्यात. उंचावरचा जोरदार वारा टॉवरच्या सपाट भिंतीवर आदळतो आणि खाली रस्त्यावर उतरतो. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात एका ११२ मीटर टॉवरपाशी २०११ मध्ये अशा वाऱ्याने ट्रक उलटून पादचाऱ्याचा जीव गेला. पुढे तिथे वारा अडवणाऱ्या झडपा लावाव्या लागल्या. पण हा दोष उंचीइतकाच आकाराचाही आहे. खालचे मजले पसरट ठेवून टॉवर मागे घेतला तर उतरलेला वारा माणसांच्या वरच फुटतो.

विमानतळाच्या आसपासची उंची हा वादाचा विषयच नाही. हाँगकाँगचा काई टाक विमानतळ १९९८ मध्ये बंद होईपर्यंत शेजारच्या काऊलूनमधल्या इमारती बुटक्याच राहिल्या, आणि तो गेल्यावर टॉवर वर निघाले.

## दृश्य कुणाच्या मालकीचं?

लंडनमध्ये १९३३ साली टेलिफोन एक्स्चेंजची एक इमारत अशी उभी राहिली की नदीकडून सेंट पॉल कॅथीड्रल दिसेनासं झालं. त्यावर गदारोळ झाला आणि काही वर्षांतच कॅथीड्रलभोवतीच्या प्रत्येक जागेची उंची ठरवणारा तक्ता तयार झाला. तो अजून पाळला जातो. पश्चिमेला रिचमंड पार्कमध्ये एक टेकाड आहे. तिथे कुंपणाच्या झुडपात मुद्दाम कातरून ठेवलेल्या भोकातून सोळा किलोमीटरवरचा तो घुमट दिसतो. ही दृष्टिरेषाही संरक्षित आहे. गंमत म्हणजे २०१६ मध्ये त्या भोकातून घुमटाच्या मागे एक नवा टॉवर डोकावू लागला. तो शहराच्या पार पूर्वेला, घुमटाच्याही कितीतरी पलीकडे होता. समोरचं अडवणार नाही याची काळजी घेतली होती, पाठीमागच्या आभाळाचं काय हे पुरतं पाहिलं नव्हतं.

दृष्टिरेषेचा नियम त्या रेषेत कडक असतो आणि बाजूला मोकळीक देतो. सरसकट मर्यादेपेक्षा तो मला पुष्कळच बरा वाटतो. त्यात शहराला आधी ठरवावं लागतं की नेमकं कुठून काय दिसायला हवं. पुष्कळ शहरांना या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, म्हणून ती एक आकडा ठोकून मोकळी होतात.

फिलाडेल्फियात तर कायदाच नव्हता. नगरभवनाच्या शिखरावर शहराचा संस्थापक विल्यम पेन याचा पुतळा आहे, ५४८ फुटांवर. त्याच्या टोपीपेक्षा वर जायचं नाही, हा नुसता अलिखित करार. तो १९८७ मध्ये एका टॉवरने मोडला, आणि नंतर वीस वर्षं शहराच्या मोठ्या संघांना अजिंक्यपद मिळेना. लोक म्हणाले, पेनचा शाप लागला. २००७ मध्ये आणखी उंच टॉवरच्या शेवटच्या तुळईवर पेनची चिमुकली मूर्ती चिकटवली गेली आणि २००८ मध्ये बेसबॉलचं अजिंक्यपद आलं. याला पुरावा म्हणत नाहीत, पण दृश्यावर लोकांचा जीव किती जडतो ते यातून कळतं.

## मर्यादेमुळे जागा महागते का?

महागते, पण कधी, ते बघायला हवं. जिथे मागणीच सहा मजल्यांची आहे तिथे बारा मजल्यांची मर्यादा कागदावर पडून राहते. जिथे मागणी तीस मजल्यांची आहे आणि बाराच मिळतात, तिथे उरलेल्या अठरा मजल्यांतली माणसं हवेत विरत नाहीत. काही जण जास्त भाडं देऊन मध्यभागीच टिकतात, बाकीचे बाहेर जातात. पॅरिसने कचेऱ्यांचे टॉवर हद्दीबाहेर ला देफाँसमध्ये नेले, तिथलं काम १९५८ मध्ये सुरू झालं. वॉशिंग्टनचे टॉवर पोटोमॅक नदी ओलांडून रॉसलिनमध्ये गेले. ज्या शहराने असं दुसरं केंद्र रेल्वेने नीट जोडलं, त्याचं निभावलं. ज्याने नाही जोडलं, तिथे मध्यभागातल्या सुंदर आकाशरेषेची किंमत रोज दोन-दोन तास प्रवास करणारा माणूस भरतो. त्याला त्या आकाशरेषेबद्दल कुणी विचारलेलं नसतं.

दुसरी बाजूही खरी आहे. समजा, एखाद्या मध्यम शहराला वर्षाला ४०,००० चौरस मीटर नव्या ऑफिसांची गरज आहे. हजार चौरस मीटरचा एक मजला धरला तर चाळीस मजल्यांचा एकच टॉवर वर्षाची सगळी मागणी गिळतो, आणि शेजारचे सात प्लॉट पार्किंग म्हणून ओसाड राहतात. त्यांचे मालकही आपल्याला चाळीस मजले मिळतील या आशेने जमीन धरून बसतात. पाच मजल्यांची मर्यादा असती तर आठ प्लॉट भरले असते आणि रस्त्याला सलग दुकानं मिळाली असती. मागणी बेताची असलेल्या शहरात पक्की मर्यादा मध्यभागाला जिवंत ठेवू शकते. ती पक्की असायला मात्र हवी. मर्यादा कधीतरी उठेल अशी कुजबुज सुरू झाली की जमिनीचा भाव उद्याच्या मजल्यांवर ठरतो आणि आज कुणीच बांधत नाही.

## मग उंची सोडून नुसता एफएसआय ठेवला तर?

न्यूयॉर्कने ही वाट धरली. १९१५ मध्ये तिथे इक्विटेबल बिल्डिंग पुरी झाली. एक एकरापेक्षा कमी जागेवर सुमारे १२ लाख चौरस फूट, आजच्या भाषेत एफएसआय तीसच्या घरात. शेजारच्या खिडक्या अंधारल्या आणि १९१६ मध्ये नियम आला. रस्त्यालगत ठरावीक उंचीनंतर इमारतीने पायऱ्यापायऱ्यांनी मागे सरायचं, आणि प्लॉटच्या पाव भागावर मात्र हवं तितकं वर जायचं. एम्पायर स्टेट बिल्डिंग याच नियमाची. एफएसआयची कमाल मर्यादा १९६१ मध्ये आली.

पळवाटही निघालीच. यंत्रसामग्रीचे मजले एफएसआयमध्ये धरत नसत, म्हणून काही निवासी टॉवरमध्ये मधले मजले अवाढव्य उंच आणि जवळजवळ रिकामे ठेवले गेले. का? वरचे फ्लॅट आणखी वर जावेत आणि आणखी महाग विकले जावेत. हे भोक २०१९ मध्ये काही प्रमाणात बुजवलं गेलं. नुसती उंची बांधली की इमारत आडवी फुगते, नुसता एफएसआय बांधला की उभी ताणली जाते.

## जमीन माझी, आभाळ का नाही?

हा आक्षेप न्यायालयात फार आधी गेला. बॉस्टनच्या उंचीच्या नियमांना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०९ मध्ये वैध ठरवलं. त्याआधी त्याच शहरात कॉपली चौकाभोवती १८९८ मध्ये ९० फुटांची मर्यादा आली होती आणि एक इमारत ९६ फुटांवर गेली होती. सहा फुटांसाठी खटला चालला, मालक हरला आणि वरचा भाग खरोखर उतरवावा लागला.

पुढे १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकाचा निकाल आला. मालक कंपनीला स्थानकाच्या माथ्यावर पन्नासहून अधिक मजल्यांचा टॉवर हवा होता. वारसा वास्तू म्हणून शहराने परवानगी नाकारली आणि सर्वोच्च न्यायालयाने शहराची बाजू उचलून धरली. न्यायालयाने हेही लक्षात घेतलं की न वापरलेला बांधकामाचा हक्क कंपनीला जवळच्या प्लॉटवर नेता येत होता. हाच टीडीआर, हस्तांतरणीय विकास हक्क. यात मालकाच्या हाती काहीतरी पडतं आणि वास्तूही वाचते. फक्त तो हक्क जिथे उतरतो तिथल्या रहिवाशांनी खिडकी बंद होण्याआधी नकाशा पाहिलेला बरा.

## हरकती-सूचना मागवल्या असतील तर

शहराच्या विकास आराखड्याच्या मसुद्यात उंचीचा आकडा ठळक छापलेला असतो. तो वाचून लगेच बाजू घेऊ नका. त्याच भागाचा एफएसआय किती आणि तो बदलतोय का, ते आधी शोधा. मर्यादा ओलांडायची सवलत कोण देणार, कशाच्या बदल्यात, आणि ते छापील निकषांवर की बंद खोलीत, हे पुढचं. माझ्या मते वाईट मर्यादाही चालेल, पण प्रकरणागणिक वाकणारी मर्यादा नको. तिच्यात उंची मिळते ती ओळखीवर.

आणि उंची कुठून कुठवर मोजणार, हे जरूर विचारा. वॉशिंग्टनच्या कायद्यात ती समोरच्या पदपथापासून मोजतात आणि इमारतीला दोन बाजूंना रस्ते असतील तर मालकाला कुठलाही एक निवडता येतो. उताराच्या जागेवर तो अर्थातच वरचा निवडतो, आणि खालच्या रस्त्यावरच्या माणसाला जादा मजले दिसतात. गच्चीवरची लिफ्टची आणि यंत्रांची खोली तिथे उंचीत धरत नसत, कारण तिथे माणसं वापरत नसत. २०१४ मध्ये अमेरिकी संसदेने त्या खोल्यांत माणसांच्या वापराला परवानगी दिली. १३० फुटांचा आकडा कागदावर होता तसाच आहे.